दुर्बीण नंतर, आधी माउंट

आकाश दर सेकंदाला 15 आर्कसेकंद सरकतं. माउंटनं दुर्बीण नेमकी तेवढीच फिरवायची. आमच्या जुन्या माउंटचे दाते झिजले आणि फोटोत ठिपक्यांऐवजी रेघा येऊ लागल्या. ग्रीस बदललं, गिअर घट्ट केले, फरक नाही. वर्म गिअरची मूळची चूक प्रत्येक फेऱ्याला तशीच येते, ती ऑटोगायडिंग सावरतं. झिजेचा झटका मात्र कधीही बसतो. तो सावरेपर्यंत तारा हललेला असतो. 400 मिलिमीटर फोकल लेंग्थ आणि 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर 10 आर्कसेकंदांचा झटका म्हणजे 5 पिक्सेलची रेघ! म्हणून मोठ्या दुर्बिणीसाठी साठवलेले पैसे आम्ही माउंटवर घातले. आणि पथ्य एकच: फोटोसाठी सांगितलेल्या क्षमतेच्या निम्मंच वजन चढवायचं.