माथ्यावरचं पाणी

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे, कनाल द्यु मिदी. एके काळी गजबजलेला हा जलमार्ग आता भाड्याच्या बोटींचा झाला आहे. या बोटी चालवायला परवाना लागत नाही. बोट देणारे आधी सगळं समजावून सांगतात, थोडं चालवून घेतात, एक तात्पुरतं कार्ड देतात आणि सुकाणू तुमच्या हाती येतं. बोटीतच स्वयंपाकघर आणि झोपायची सोय असते. या सहलीची वर्णनं बहुतेकदा सावली, द्राक्षमळे आणि वाइनपाशी थांबतात. पण कालव्याची खरी थोरवी कळायची असेल, तर यातलं पाणी येतं कुठून हे आधी समजून घ्यायला हवं.

कारण कालवा म्हणजे नदी नव्हे. तुलूझकडून निघालेली बोट आधी चढ चढते, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर नोरूझच्या खिंडीत पोचते आणि मग पलीकडे उतरते. चढउतार होतो तो लॉकमधून, म्हणजे दारं असलेल्या हौदांतून, आणि माथ्यापाशी प्रत्येक खेपेला लॉकभर पाणी खालच्या बाजूला निघून जातं. एक वाटा अटलांटिकच्या दिशेला, एक भूमध्य समुद्राकडे. माथा कोरडा पडला की दोन्हीकडची वाहतूक बंद. दोन समुद्र जोडावेत हे पुष्कळांच्या मनात आलं होतं. सगळ्यांचं घोडं इथेच अडलं.

ते सोडवलं प्येर-पॉल रिके या माणसाने. तो इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा बेझिएचा मक्तेदार होता. पण त्या मुलखाची त्याला बारकाईने माहिती होती. खिंडीच्या उत्तरेला मोंतान्य न्वार म्हणजे काळा डोंगर आहे. तिथले ओढे अडवून, चरांमधून उतारा-उताराने ते पाणी नोरूझला आणायचं, ही त्याची योजना. १६६२ मध्ये त्याने ती लुई चौदाव्याचा मंत्री कोल्बेरला लिहून कळवली; १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली. पावसाळी पाणी उन्हाळ्यासाठी साठवायला सें-फेरेओलचं मातीचं धरण बांधलं, त्यात ६० लाख घनमीटरांहून जास्त पाणी मावतं. कामाच्या भरात १२,००० पर्यंत माणसं राबत होती, त्यांत स्त्रियाही होत्या. रिकेने स्वतःची संपत्ती यात ओतली. ऑक्टोबर १६८० मध्ये तो गेला आणि कालवा सुरू झाला मे १६८१ मध्ये. हे वाचताना अजूनही वाईट वाटतं.

आता लॉककडे वळू. दोन दुपाखी दारांमधला हा दगडी हौद. दारांच्या फळ्या सरळ रेषेत मिटत नाहीत, चढाच्या बाजूला टोक काढून कोनात मिटतात. त्यामुळे वरचं पाणी जितकं रेटेल तितकी ती घट्ट बसतात, आणि दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत कितीही जोर लावला तरी उघडत नाहीत. खालून आलेली बोट आत शिरते, मागचं दार मिटतं, मग पुढच्या दारातल्या छोट्या झडपा उचलल्या जातात. पाणी उसळत आत येतं. या वेळी बोटीला दोर हवाच, नाही तर ती भिंतींवर आपटत राहते. दोर काठावरच्या खुंटाला नुसता वळसा घालून हातात धरायचा, गाठ मारायची नाही. चढताना ढील आवळत जायचं, उतरताना सोडत जायचं. उतरताना गाठ मारलेली असेल तर पाणी खाली जातं आणि बोट दोरावर लटकते. उतरताना आणखी एक जपायचं: मागच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, बोटीची शेपटी त्यावर टेकू द्यायची नाही. दारं-झडपा हल्ली बहुतेक ठिकाणी विजेवर चालतात आणि लॉकवरचा कर्मचारी ते पाहतो. दुपारी त्याच्या जेवणाची सुट्टी होते, तेव्हा आपणही बोट लावून जेवून घ्यावं.

इथल्या जुन्या लॉकच्या भिंती मधोमध फुगीर आहेत, हौद लंबगोल दिसतो. सुरुवातीच्या कामात सरळ भिंत कोसळल्यावर हा आकार घेतला गेला. मागच्या मातीचा दाब कमानीसारखा दोन्ही टोकांकडे वाटला जातो. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, कारण फुगीर हौदाला पाणी जास्त लागतं. म्हणजे पुन्हा माथ्यावरचा साठा.

वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर. बोट जोरात गेली की मागे उठणारी लाट मातीचे काठ खाते. सुकाणू वळवल्यावर बोट लगेच वळत नाही. नवशिके घाईने आणखी वळवतात आणि नागमोडी चालीने जातात. थोडं वळवावं, थांबावं, मग पाहावं. दगडी कमानींचे पूल ठेंगणे आहेत. त्यांतही कापेस्तांचा पूल फार बुटका, तिथे टपावरच्या माणसांनी खाली यावं, सायकली आडव्या कराव्यात.

काठावर प्लेन वृक्षांची रांग आहे. सावलीमुळे बाष्पीभवन कमी होतं, मुळं काठ धरून ठेवतात. एकूण सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर एक बुरशी सापडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्सला आली, असं मानतात. हजारो झाडं तोडून जाळावी लागली, जागी दुसऱ्या जातींची लागवड चालू आहे. बुरशी जखमेतून शिरते, म्हणून मुक्कामाला बोटीचा दोर झाडाला कधीही बांधू नये. बोटीत लोखंडी मेखा आणि हातोडा असतो, त्या काठात ठोकाव्यात.

आठवडाभरात अख्खा कालवा उरकायचा हट्ट नको. पहिल्यांदा जाणाऱ्याने आर्जांपासून बेझिएपर्यंतचा टापू घ्यावा. इथे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, डोंगराची कड धरून कालवा एकाच पातळीवर वळणं घेत जातो. वाटेत ल सोमाय हे टुमदार बंदर लागतं. पुढे मालपास इथे १६७९ मध्ये टेकडी पोखरून काढलेला बोगदा आहे. त्याच्याखालून रेल्वेचा बोगदा जातो आणि त्याहीखाली तेराव्या शतकातला, मोंतादीच्या दलदलीचं पाणी काढण्यासाठी खोदलेला. माझ्या लेखी या सबंध कालव्यावर याच्या तोडीची दुसरी जागा नाही.

मग फोंसेरानची लॉकची माळ. आठ हौद एकाला एक जोडलेले, वरच्याचं खालचं दार तेच खालच्याचं वरचं दार. एकूण उतार सुमारे २१ मीटर. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या बोटींना वेगवेगळ्या वेळा नेमलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी विचारून ठेवाव्यात. आज बोटी तळापर्यंत जात नाहीत. १८५८ पासून ओर्ब नदी पुलावरच्या कालव्यातून ओलांडतात, त्यामुळे शेवटचा टप्पा वगळला जातो. पुढे आग्द गावानंतर कालवा सरोवराला मिळतो. तिथे मोकळं, उघडं पाणी आहे. जोराचा वारा असला की भाड्याच्या बोटींना सरोवरात शिरायला मनाई असते, म्हणून हवामानाचा अंदाज आग्दलाच पाहून घ्यावा आणि वेळापत्रकात एक दिवस हाताशी ठेवावा.