सोंगात खरं कसं ओळखायचं?

हॉस्टेलमध्ये राहून 'माफिया' खेळला नाही असा प्राणी विरळाच! लाइट गेली की आठ-दहा जण गोल करून बसतात, कोणी पोलीस होतो, कोणी माफिया, आणि मग रात्रभर एकमेकांवर संशय. आता हाच खेळ खोलीतून बाहेर काढा. माणसं चाळीस-पन्नास करा, प्रत्येकाला वेष आणि भूमिका द्या, आणि ग्राउंड, झाडी, मागची पडीक जागा हेच आपलं राज्य समजा. झाला 'लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्ले'! परदेशात याला थोडक्यात 'लार्प' म्हणतात. इंग्लंडमध्ये १९८२ साली पेकफर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' या नावाने असा खेळ सुरू झाला होता. आपल्याकडच्या फेस्टमधला ट्रेझर हंटसुद्धा जरा रंगवला, त्यात राजा, हेर, दरोडेखोर आणले, की तो याच गावाला पोहोचतो.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'रोलप्ले'ला मराठीत काय म्हणायचं ते रूममेटला विचारलं. ती पटकन म्हणाली, "सोंग!" शब्द एकदम फिट. बहुरूपी, दशावतारी, झाडीपट्टीतले नट... सोंग वठवण्यात आपण काही कोणाला हार जाणारे नाही.

आता तुम्ही म्हणाल, खेळच तर आहे, त्यात सुरक्षेचं एवढं काय? फर्स्ट एडची पेटी ठेवली की झालं! पण इथेच खरी गोम आहे. क्रिकेट खेळताना कोणी चक्कर येऊन पडला तर सगळे बॅट-बॉल टाकून धावतात. सोंगाच्या खेळात कोणी पडला तर? "काय अ‍ॅक्टिंग करून राहिला बे!" असं म्हणून लोक टाळ्या वाजवतात. हे मी मनाचं सांगत नाही. १५ एप्रिल १९८४ रोजी टॉमी कूपर हा प्रसिद्ध ब्रिटिश विनोदी कलाकार टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात रंगमंचावर कोसळला. त्याला हार्ट अटॅक आला होता आणि प्रेक्षक हसत होते. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या भिवानीत हनुमानाची भूमिका करणारे एक गृहस्थ रामाच्या पाया पडता पडताच कोसळले. तेव्हाही लोकांना काही वेळ तो अभिनयच वाटला.

'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तो मुलगा खोटं बोलत होता. आपल्या खेळात तर कोणीच खोटं बोलत नसतं, 'वाचवा' ओरडायचं हे सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं असतं! म्हणून या खेळाच्या सुरक्षेचा पहिला प्रश्न असा, की खरा लांडगा आला तर ओरडायचं काय?

खेळाबाहेरचा शब्द

कामठीकरांना छावणी नवीन नाही. १८२१ पासून इथे लष्कर आहे. लष्कराचे युद्धसराव म्हणजे एका अर्थाने सोंगाचेच खेळ. खोटा शत्रू, खोटे जखमी, वायरलेसवर खोटे निरोप. मग सरावात एखाद्याचा पाय खरंच मोडला तर? ब्रिटिश आणि कॅनडाच्या सैन्यात त्यासाठी 'नो डफ' हे शब्द ठरलेले आहेत. निरोपाआधी 'नो डफ' आलं की समजायचं, हे सरावातलं नाही, खरं आहे. अमेरिकेत १९६६ पासून मध्ययुगीन लढाया खेळणारी एक मोठी संस्था आहे, सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम. तिथे कोणीही 'होल्ड' ओरडलं की सगळे योद्धे जागच्या जागी थांबतात. नॉर्वेतल्या खेळाडूंकडे असे दोन शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'कट' आणि 'ब्रेक'. कट म्हणजे सगळं बंद. ब्रेक म्हणजे खेळ चालू दे, पण माझ्यावरचा जोर कमी कर.

आपला शब्द कोणता असावा? 'थांबा', 'वाचवा', 'मेलो' हे चालणार नाहीत, कारण ते खेळातही येणारच. शिवाय हॉस्टेलमध्ये तेलुगू, बंगाली, बिहारी सगळेच असतात. शब्द सगळ्यांच्या जिभेवर बसणारा हवा. मला विचाराल तर 'असली, असली, असली!' तीनदा ओरडायचं, कारण एकदा म्हटलेलं बोलण्याच्या ओघात निसटू शकतं. ज्याने ऐकलं त्याने स्वतःही तसंच ओरडून पुढे पोहोचवायचं, हत्यार खाली टाकायचं आणि जागच्या जागी खाली बसायचं. म्हणजे उभा कोण आणि पडलेला कोण ते लगेच दिसतं. अंधारात किंवा लांबवर आवाज पोहोचत नसेल तर तीन लांब शिट्ट्या.

शब्द नुसता ठरवून उपयोग नाही. खेळाआधी दोनदा त्याची तालीम घ्या. सगळं मैदान दहा सेकंदांत शांत व्हायला हवं. आणि एक नियम पक्का : शब्द मनापासून वापरला आणि नंतर काही झालेलं नव्हतं असं निघालं, तर त्याला कोणी हसायचं नाही. मस्करीत वापरला तर मात्र तो माणूस खेळाच्या बाहेर.

दुसरा शब्द, म्हणजे ब्रेकवाला, तोही तितकाच महत्त्वाचा. त्यासाठी 'हळू' चालेल. समजा सीनियर राजा झाला आणि ज्युनियर कैदी. राजा म्हणतो, गुडघे टेक. हे कुठपर्यंत सोंग आणि कुठून पुढे रॅगिंग? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच आला आणि यूजीसीचे नियम २००९ पासून आहेत. 'सर, आम्ही तर खेळत होतो' हे उत्तर तिथे चालत नाही. कैद्याने 'हळू' म्हटलं की राजाने कारण न विचारता मागे सरायचं. ज्या खेळात नाही म्हणायची सोय नाही त्याला खेळ म्हणता येणार नाही.

सूत्रधार वेगळा, रखवालदार वेगळा

खेळ रचणारा असतो तो सूत्रधार. त्याने महिनाभर डोकं लावलेलं असतं, त्यामुळे खेळ थांबवणं त्याच्या जिवावर येतं. म्हणून सुरक्षा दुसऱ्या माणसाकडे हवी. त्याने भूमिका घ्यायची नाही, लांबून दिसेल असं भडक जॅकेट घालायचं, आणि त्याने थांबवलं तर सूत्रधारानेही वाद घालायचा नाही. दर पंधरा जणांमागे असा एक माणूस ठेवावा असं मला वाटतं. खेळाडूंच्या जोड्या लावा. जोडीदार दिसेनासा झाला तर त्याला शोधणं हे खजिना शोधण्याच्या आधी!

कोणाला दमा, फिट, मधुमेह किंवा कसली अ‍ॅलर्जी आहे हे आधी लिहून घ्या. पण तो कागद बंद पाकिटात रखवालदाराकडेच राहू द्या, नोटीस बोर्डवर नको.

आणि स्टंट? उंचावरून उडी, पेटती मशाल, खऱ्या धातूची तलवार यांना सरळ नाही म्हणा. जुलै २०१८ मध्ये कोइम्बतूरजवळच्या एका कॉलेजात आपत्ती व्यवस्थापनाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. खाली मुलं जाळी धरून उभी होती आणि दुसऱ्या मजल्यावरून एकेकाने उडी मारायची होती. एक मुलगी कचरत होती. ट्रेनरने तिला ढकललं, खालच्या मजल्याच्या छज्जावर तिचं डोकं आदळलं आणि ती गेली. एकोणीस वर्षांची होती. त्या ट्रेनरला आमची मान्यता नव्हती, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नंतर स्पष्ट केलं. जीव वाचवायचा तो सराव जीव घेऊन गेला. दोन गोष्टी तिथे नव्हत्या : ट्रेनरची कागदपत्रं तपासणारा कोणी, आणि 'मला नको' म्हटल्यावर सगळं थांबवणारा शब्द.

खात्रीचं प्रशिक्षण हवं असेल तर फार लांब जायला नको. नागपुरात १९५७ पासून आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था होती, तेच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं. आता नागपुरातच एनडीआरएफची अकादमी आहे. प्रिन्सिपल सरांमार्फत रीतसर पत्र पाठवून मार्गदर्शन मागायला काय हरकत आहे?

बाहेरच्याला काय दिसतं?

आतापर्यंत आपण खेळणाऱ्यांचं बोललो. पण तोंडाला फडकी बांधलेली, हातात काठ्या-तलवारी घेतलेली वीस पोरं रात्री पळताना दिसली, तर शेजारच्या वस्तीतला माणूस काय समजेल? त्याला आपला शब्द माहीतच नाही!

हा प्रश्न आपल्या भागात जिवावर बेतलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोंगं घेऊन पोट भरणारे बहुरूपी २०१२ साली नागपुरात, कळमना भागात, जमावाच्या तावडीत सापडले. चोर असल्याच्या संशयावरून त्यांना मारहाण झाली आणि तिघांचा जीव गेला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ठार मारलं. तिथे तर सोंगही नव्हतं, निव्वळ अफवा होती.

म्हणून परवानगी ही फक्त सही मिळवायची कटकट समजू नका. रेक्टर, वॉचमन, मेसवाले काका, जवळची घरं आणि पोलीस स्टेशन, सगळ्यांना तारीख, वेळ आणि जागा आधी सांगा. खेळ शक्यतो आवारातच ठेवा, हद्दीवर बोर्ड लावा, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र असू द्या. गेटच्या बाहेर पडताना मुखवटा उतरवायचाच.

कामठीत तर आणखी एक काळजी. छावणीच्या हद्दीत शिरायचं नाही, आणि लष्करी छापाचे कपडे, खऱ्यासारखी दिसणारी बंदूक अजिबात नको. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, २०१६ साली, नागरिकांनी लष्करी गणवेशासारखे कपडे वापरू नयेत असं आवाहन लष्करानेच केलं होतं. पहाऱ्यावरच्या जवानाने तुमची बंदूक प्लास्टिकची आहे हे ओळखावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. तलवार फोमची करा, तीही भडक रंगाची.

ऊन, वीज आणि पाणी

यांना आपलं सोंग कळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या एका मोठ्या सरकारी सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. आपल्याकडचं ऊन काय सांगावं! मार्चनंतर खेळ सकाळी दहाच्या आत संपवा, नाहीतर सूर्य कलल्यावर सुरू करा. चिलखत म्हणून जाड कपडे घातलेला मुलगा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, की ते दारुड्याचं सोंग समजू नका. 'असली' ओरडा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं तर खेळ बंद आणि सगळे पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. झाडाखाली तर मुळीच नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप रखवालदाराच्या मोबाइलवर असू द्या.

कन्हानचा काठ कितीही सुंदर असला तरी खजिना तिथे पुरायचा नाही. नदीतून वाळू उपसली की वरून न दिसणारे खड्डे राहतात. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडतं.

झाडीत साप चावलाच तर चिरा पाडणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. चावलेला भाग हलू न देता लगेच हॉस्पिटल.

पहिली दहा मिनिटं

'असली' ऐकू आल्यावर पन्नास जणांनी गर्दी करून काहीच होत नाही. आधीच ठरवा : एकजण पेशंटजवळ, एकजण १०८ ला फोन करणारा, एकजण गेटवर अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघणारा, एकजण हजेरी घेणारा. पोलीस किंवा फायर ब्रिगेड हवी असेल तर ११२. फोनवर सांगायचा पत्ता, जवळच्या खुणेसकट, एका कार्डावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, कारण घाबरल्यावर आपल्याच कॉलेजचा पत्ता आठवत नाही. जवळचं कामठीचं उपजिल्हा रुग्णालय आणि नागपूरचं मेयो, दोन्हीकडे जायला किती वेळ लागतो ते खेळ ज्या वेळी असेल त्याच वेळी एकदा बाइकवर जाऊन बघा. सूत्रधाराच्या कथेत 'मोबाइल जमा' असा नियम असला तरी रखवालदारांचे फोन चालू आणि चार्ज केलेले हवेतच.

खेळ संपल्यावर पुन्हा हजेरी. पन्नास गेले तर पन्नास परत आले पाहिजेत.

हे सगळं वाचून 'एवढं करायचं तर खेळायचं कशाला' असं वाटू देऊ नका. उलट आहे. आपण थांबवू शकतो आणि आपल्याला कोणीतरी ऐकेल याची खात्री असली, तरच माणूस बिनधास्त सोंग घेतो. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात शुद्धीवर असल्याचं सोंगही घालायला हवं. तेव्हा पुढच्या फेस्टची पहिली मीटिंग होईल तेव्हा वेष आणि कथा ठरवण्याआधी तो एक शब्द ठरवा!