ओळखीचं पुस्तक, अनोळखी भाषा

पांढुर्ण्याजवळच्या तिगावात घरी मराठी आणि शाळेत हिंदी हा रोजचा रिवाज आहे. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर-वऱ्हाडचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख मात्र छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण शाळेची भाषा बदलली नाही. इथलं मूल पहिलीपासून दुसऱ्या भाषेत वाचायला शिकतं आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. वाटायला हवं. कारण वाचत वाचत भाषा आपलीशी करणं हीच थोर बहुभाषकांची वाट आहे, आणि त्यातला एक वाटसरू याच प्रदेशातल्या तुरुंगात राहून गेला.

ते विनोबा भावे. १९४२ च्या आंदोलनात अटक झाल्यावर त्यांना वेल्लोरला आणि नंतर छिंदवाड्याशेजारच्या सिवनीच्या तुरुंगात ठेवलं होतं. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवरची त्यांची व्याख्यानं १९४४ मध्ये सिवनीच्याच तुरुंगात झाली. वेल्लोरला त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास मांडला. एक पक्की झाल्यावर दुसरी, असा क्रम त्यांनी लावला नाही. चारही शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, लिप्याही चार वेगळ्या. पण शिकवायला दक्षिणेतले सोबती कैदी होते आणि वेळ भरपूर होता.

भाषा कशासाठी हवी, हे विनोबांना आधी ठाऊक असे. कुराण मुळातून वाचायचं म्हणून ते अरबी शिकले. त्या अभ्यासातूनच पुढे कुराणातल्या निवडक वचनांचं त्यांचं संकलन तयार झालं. भूदानाच्या पदयात्रेत ज्या प्रांतात जात तिथल्या संतांचा ग्रंथ ते हाती घेत; आसामात माधवदेवांच्या ‘नामघोषा’चं सार त्यांनी काढलं. गीता, ज्ञानेश्वरी, उपनिषदं त्यांच्या मनात आधीच मुरलेली होती. त्यामुळे परक्या लिपीतलं भक्तीचं वाक्य समोर आलं की निम्मा अर्थ ओळखीचा निघे, उरलेला निम्मा शब्दांवरून उलगडे. स्वतःच्या बळावर भाषा शिकणाऱ्यांच्या यशाचं मर्म इथे आहे. विषय ओळखीचा असला की भाषेचं निम्मं ओझं उतरतं.

गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींची तऱ्हा निराळी होती. हे गणिताचे प्राध्यापक. वडील धर्मानंद पालीचे नामवंत पंडित, पण मुलाचं स्वतःचं संस्कृत बेताचं होतं. ते सुधारायला त्यांनी व्याकरणाची पायरी-पायरी न चढता एकच कवी धरला, भर्तृहरी. मग छापील प्रतींमधले पाठ जुळेनात, म्हणून ते हस्तलिखितांकडे वळले आणि शेकडो हस्तलिखितं ताडून त्यांनी १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भाषा सुधारायला उघडलेल्या पुस्तकातून भारतविद्येतलं एवढं मोठं काम उभं राहिलं, याचं मोल अजून आपल्याला पुरतं कळलेलं नाही.

हंगेरीच्या दुभाषी काटो लोंब (१९०९–२००३) सोळा भाषांत काम करत. त्यांनी शिक्षण घेतलं होतं रसायनशास्त्राचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या एक कोश आणि कादंबऱ्या घेऊन रशियन शिकल्या. त्यांचा परिपाठ साधा होता. पहिल्या वाचनात कोशाला हात लावायचा नाही, अडलं तरी पुढे सरकायचं. महत्त्वाचा शब्द पुन्हा पुन्हा भेटतोच आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपला अर्थ आपणच सांगतो. शब्द शोधण्यात कथेचा धागा तुटला की माणूस पुस्तक मिटतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

पुस्तक किती अवघड असावं, यालाही हिशेब आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असले तर मदतीशिवाय वाचन नीट समजतं, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक मानतात. तीनशे शब्दांच्या पानात सहा शब्द अडले तर चालतात. तीस अडले तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावं किंवा त्याचा मराठी अनुवाद सोबत घ्यावा. अशा वाचनाचा परिणामही तपासलेला आहे. फिजी बेटांवर ग्रामीण प्राथमिक शाळांत इंग्रजी गोष्टींची भरपूर पुस्तकं ठेवून केलेला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या धड्यांवर शिकणाऱ्या मुलांपेक्षा गोष्टी वाचणाऱ्या मुलांचं इंग्रजी कितीतरी वेगाने सुधारलं, आणि पुढे त्यांचं लेखनही सुधारलं.

वाचनाने सगळंच साधतं असं नाही. उच्चार कागदावरून कळत नाहीत. लोंबबाई त्यासाठी रेडिओ ऐकत, विनोबांना तुरुंगातले सोबती होते. आज मोबाइलवर कुठल्याही भाषेतल्या बातम्या ऐकता येतात, तेव्हा ही उणीव सहज भरून निघते.

तिगावच्या वाचकाला मराठी आणि हिंदी आधीच येतात. त्याने गुजरातीपासून सुरुवात करावी. त्या लिपीला शिरोरेषा नाही, पण ग, न, म, व ही अक्षरं चटकन ओळखू येतात. इ, ख, च, ज, ब यांसारख्या अक्षरांची वळणं मात्र वेगळी शिकावी लागतात. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीताप्रवचने’ मराठीत आहेत, तशीच हिंदी, गुजराती आणि इतर भारतीय भाषांतही छापलेली आहेत. एक अध्याय आधी मराठीत वाचावा, मग तोच गुजरातीत, पेन्सिल हाती घेऊन, कोश न उघडता.

पांढुर्णा, सौंसर आणि तिगावच्या शाळांनी, वाचनालयांनी अशी एकाच पुस्तकाची दोन-तीन भाषांतली जोडपुस्तकं एका फळीवर शेजारी शेजारी ठेवावीत. खर्च फार नाही, आणि दोन भाषा घेऊन मोठी होणारी मुलं या गावांत आहेतच.