अरण्य ज्यांचें घर आहे

'अरण्य' हा शब्द 'अरण' या शब्दापासून झाला आहे, आणि 'अरण' म्हणजे दूरचें, परकें. गांवाची वेस संपली कीं परका मुलूख सुरू झाला, हा आपल्या पूर्वजांचा भाव त्या एका शब्दांत साठलेला आहे. ऋषि तेथें जात ते संसार मागें टाकून, आणि राजपुत्र जात ते वनवास म्हणून. परंतु ज्यांची वेसच अरण्याच्या आंत आहे, अशा लोकांच्या घरीं पाहुणे म्हणून चार दिवस राहण्याचा योग आम्हांस गेल्या वर्षीं आला. चिरंजीव व सूनबाई यांच्या आग्रहामुळें आम्ही उभयतां दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशास गेलों होतों. तेथें पशुपक्ष्यांचें कौतुक तर वाटलेंच. पण अरण्याचा धनी कोण असावा, या प्रश्नाचें एक उत्तरहि तेथें दिसलें. तें वाचकांपुढें ठेवावें, हा या लेखाचा हेतु.

इक्वेडोर विषुववृत्तावर वसला असून त्याचा पूर्वभाग ॲमेझॉनच्या खोऱ्यांत मोडतो. त्या भागांत सन १९७९ मध्यें स्थापन झालेलें यासुनी नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा विस्तार सुमारें १०,००० चौरस किलोमीटर. येथील एका हेक्टरांत, म्हणजे सुमारें अडीच एकर जमिनींत, शास्त्रज्ञांनीं ६५० हून अधिक जातींचीं झाडें मोजलीं आहेत. याच उद्यानांत अन्यांगू या किचवा जमातीच्या वस्तीचें 'नापो वाइल्डलाइफ सेंटर' हें अतिथिगृह आहे.

राजधानी क्वीटोहून कोका या गांवीं विमानानें अर्ध्या-पाऊण तासांत पोंचतां येतें. तेथून नापो नदींतून यंत्राच्या होडीनें दोनेक तासांचा प्रवास होतो. पुढें मात्र यंत्र बंद. एका अरुंद ओढ्यांत लांब नावेमध्यें बसावयाचें, आणि वस्तींतील तरुण ती जवळजवळ दोन तास वल्हवीत नेतात. आवाजानें जनावरें बुजूं नयेत व तेलानें पाणी नासूं नये, म्हणून हा नियम आहे. ओढ्याचें पाणी काळ्या चहासारखें दिसतें. पण ती घाण नव्हे, कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरल्यानें आलेला तो रंग आहे.

प्रत्येक गटाबरोबर दोन वाटाडे असतात. एक वस्तींतला किचवा व दुसरा इंग्रजी जाणणारा निसर्गाभ्यासक. किचवा वाटाड्या वल्हें थांबवून बोट दाखवी, तेथें आम्हांस आधीं नुसतीं पानेंच दिसत. मग त्यांतलें एखादें पान हले आणि तें पान नसून पक्षी निघे. होआत्झिन हा तेथील पक्षी कोंबड्याएवढा व तुरेदार असतो. गाईप्रमाणें तो पाला पोटांत आंबवून पचवितो, म्हणून त्याच्या अंगास गोठ्याचा वास येतो! त्याच्या पिलाच्या पंखांस नख्या असतात. पाण्यांत पडलें तरी त्या नख्यांनीं फांद्या धरून तें पुन्हां घरट्यांत चढतें.

अतिथिगृहाच्या पर्णकुटी एका सरोवराच्या कांठीं आहेत. त्या सरोवरांत जवळजवळ सहा फूट लांबीचीं पाणमांजरें राहतात. त्यांचें कुटुंब एकत्र असतें. आईबाप, मोठीं भावंडें व तान्हीं पिलें एका बिळांत नांदतात, आणि थोरलीं धाकट्यांस मासे आणून देतात. आमच्या मंडळींस हें फार आवडलें, हें सांगावयास नकोच.

एके सकाळीं नापोच्या कांठची मातीची दरड पाहिली. शेंकडों पोपट त्या दरडीस चिकटून माती खात होते. समुद्रापासून दूर असलेल्या या वनांत मीठ दुर्मिळ. फळांत व बियांत न मिळणारा क्षार त्या मातींतून मिळतो, असें अभ्यासक मानतात. दुसरे दिवशीं, आपल्या पांढऱ्या सांवरीच्याच जातीच्या एका प्रचंड वृक्षास लागून उभारलेल्या, सुमारें ३६ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर चढलों. जिने चढतांना गुडघ्यांनीं तक्रार केली खरी. परंतु वर पोंचल्यावर क्षितिजापर्यंत हिरवा समुद्र पसरलेला पाहून तिचा विसर पडला.

आतां मुख्य गोष्ट. हें सर्व दाखविणारे लोक तेथले नोकर नव्हेत, धनी आहेत. आरंभीं बाहेरचे भागीदार होते. सन २००७ पासून अतिथिगृह संपूर्णपणें वस्तीच्या मालकीचें झालें. वस्तीनें आपल्या प्रदेशांत शिकार बंद केली. नफ्यांतून शाळा व दवाखाना चालतो. सामाईक कामास सर्व घरांतून माणसें येतात. त्यास ते 'मिंगा' म्हणतात, आपल्याकडील शेतकऱ्यांच्या इर्जिकेसारखीच ती रीत. पहांटे 'वायुसा' नांवाच्या पाल्याचा काढा पीत, रात्रीं पडलेलीं स्वप्नें घरांतील वडिलांस सांगण्याचीहि त्यांची जुनी चाल आहे.

वाटाड्यास आम्हीं विचारलें, "एवढी नजर कोठें शिकलांत?" तो म्हणाला, "बाप शिकारी होता. माग काढणें त्यानें शिकविलें. माग तोच आहे, फक्त शेवटीं आतां बाण सुटत नाहीं." हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटलें. विद्या तीच राहिली, तिचा उपयोग बदलला. ही विद्या निरुपयोगी ठरली असती, तर पुढच्या पिढींत ती बुडाली असती.

पाहुण्याकडून पैसे घ्यावेत काय, अशी शंका आमच्यासारख्या जुन्या माणसास येते. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, असें आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें; येथें तर तिथि कित्येक महिने आधीं ठरते व रक्कमहि आधीं भरावी लागते! पण त्या नदीवर दुसरा एक पाहुणा आधींच येऊन बसला आहे, तो म्हणजे तेल. इक्वेडोरच्या या वनभागांत सन १९६७ मध्यें तेल सांपडलें व १९७२ पासून तें परदेशीं जाऊं लागलें. तेल आलें कीं रस्ता येतो, रस्त्यामागून कुऱ्हाड येते. ता. २० ऑगस्ट १९२३ नव्हे, अगदीं अलीकडे २०२३ रोजीं, यासुनींतील एका मोठ्या क्षेत्राचें तेल जमिनींतच ठेवावें काय, यावर सर्व देशाचें मत घेतलें गेलें, आणि सुमारें ५९ टक्के मतदारांनीं 'ठेवावें' असा कौल दिला. तथापि विहिरी बंद करण्यास मिळालेली एक वर्षाची मुदत टळून गेली व काम रेंगाळलें. कौल मिळाला तरी पोट राहतेंच. अशा वेळीं वन उभें ठेवूनहि चूल पेटते, हें दाखवून देणारी वस्ती त्या कौलाची साक्षीदार ठरते.

यांत धोका नाहीं असें नव्हे. सन २०२० मध्यें महामारीमुळें देशाच्या सीमा बंद झाल्या व पाहुणे येईनासे झाले. दूर देशींच्या लोकांच्या येण्यावर घर चालविणें म्हणजे पावसावर शेती करण्यासारखेंच आहे. शिवाय आम्ही विमानानें हवा धुरकट करीत तेथें गेलों, हाहि हिशेब मांडलाच पाहिजे. म्हणून वारंवार नव्हे, पण एकदां जावें व सावकाश राहावें.

जाऊं इच्छिणारांस दोन सूचना. इक्वेडोरहून हिंदुस्थानांत परततांना पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला लागतो. ती निदान दहा दिवस आधीं टोंचावी, व साठी उलटलेल्यांनीं आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा. शाकाहाराची अडचण आधीं कळविल्यास पडत नाहीं. भात, घेवड्याच्या जातीचीं कडधान्यें, केळीं व कसावाचा कंद मिळतो. आपला साबुदाणा याच कंदाचा. साबुदाणा, दाणे, बटाटा, मिरची या चौघांचेंहि मूळ अमेरिका खंडांत आहे. म्हणजे आपल्या एकादशीच्या खिचडीवर तिकडच्या लोकांचें ऋण आहे.

किचवा भाषेंत अरण्यास 'साचा' म्हणतात. तो शब्द उच्चारतांना वाटाड्याच्या स्वरांत परकेपणा मुळींच नव्हता. आपण 'अंगण' म्हणतों तसा तो म्हणे. कोणत्याहि देशींच्या वनांत जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं, तेथें वाघ दिसेल कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं, हें अंगण कोणाचें आणि आपण दिलेला पैसा कोणाच्या घरीं जातो, एवढें अवश्य विचारावें.