आधी थांबायला शिका!

मोटार शिकण्याचा बेत घरात जाहीर केला की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते, "क्लच हळू सोडा, बाकी त्यात काही नाही." कोणी म्हणते, "सायकल येते ना? मग झाले तर!" आणि धाकटा नातू विचारतो, "आजी, फाटकाच्या भिंतीचा विमा उतरवला का?" हे सारे मी गेल्या महिन्यात निमूटपणे ऐकून घेतले. वय एकोणसाठ, पेशा शिक्षिकेचा, नुकतीच निवृत्त झालेली. उभी नोकरी चंद्रपूर, मूल, सिंदेवाही असा एस.टी.चा प्रवास करण्यात गेली. यजमानांना मोतीबिंदूमुळे आता गाडी चालवणे जमत नाही, आणि गाडी तर अंगणात धूळ खात उभी. तेव्हा म्हटले, आपणच शिकावे! पहिला धडा दिवाळी आटोपली की आहे. पण गृहपाठ केल्याशिवाय वर्गात जायची मला सवय नाही. त्या गृहपाठाची ही हकिगत.

पहिला पाठ कागदांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटारीसाठी वयाची अठरा वर्षे पुरी हवीत. वरची मर्यादा नाही, हे वाचून मला हायसे वाटले. आधी शिकाऊ परवाना काढायचा. त्यासाठी रस्त्यावरच्या खुणा आणि नियम यांची छोटी परीक्षा असते; शेकडा साठ गुण मिळाले की पास. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखलाही लागतो. परवाना सहा महिने चालतो आणि निदान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे आणि शेजारी परवानाधारक माणूस हवा. तोही नुसता बसून चालत नाही. त्याला गाडी चटकन थांबवता येईल, अशा जागी तो बसला पाहिजे, असे नियमच सांगतो. हे वाक्य मी दोनदा वाचले. पुढे ते फार उपयोगी पडले.

डोळ्यांची परीक्षा मात्र मी घरीच घेतली. चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, पंचवीस मीटरांवरून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता आली पाहिजे, अशी अट आहे. यजमान फीत घेऊन गल्लीत उभे राहिले आणि मी समोरच्या गाडीवरचा एम.एच. चौतीस, म्हणजे आमचा चंद्रपूरचा, नंबर घडाघडा वाचून दाखवला. शेजारणींची चांगलीच करमणूक झाली. वाचकहो, हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. चष्म्याचा नंबर वाढल्याचे कित्येकांना अशा वेळीच कळते.

मग शिकवणाऱ्या गृहस्थांना भेटले. पंचवीस वर्षे या रस्त्यांवर काढलेला माणूस. मी वहीत क्लच, गिअर, रेस असे सगळे क्रमाने लिहून नेले होते. त्यांनी वही पाहिली आणि हसून म्हणाले, "बाई, चालवनं त चार दिवसांत येते. थांबवनं आलं पाह्यजे."

त्यांनी गाडी बंद ठेवूनच मला आसनावर बसवले. आसन इतके पुढे घ्यायचे की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहील. मग तिन्ही आरसे लावायचे, मग पट्टा. डावा पाय क्लचचा. उजवा पाय ब्रेक आणि रेस या दोघांचा. उजव्या पायाला दोन धनी आहेत, हेच त्यातले मर्म! एका वेळी एकाचीच चाकरी होते. रेसवरून उचललेला पाय न बघता ब्रेकवर गेला पाहिजे. हा सराव मी बंद गाडीत रोज पन्नास वेळा करते. चपला सोडून पातळ तळव्याचे बूट घेतले आहेत, कारण सुटी चपल ब्रेकखाली अडकली तर देवही सोडवायला येत नाही.

वेगाचे गणित

गणित हा माझा विषय. म्हणून थांबण्याचे गणित मी मांडून पाहिले. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात ११ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी उभी राहायला आणखी सुमारे १० मीटर. एकूण २१. आता वेग ६० करा. एका सेकंदात १७ मीटर, ब्रेकचे सुमारे २१, एकूण ३८! वेग दीडपट झाला, पण ब्रेकचे अंतर दुपटीहून वाढले. वेग दुप्पट झाला तर ते चौपट होते. पावसात तर विचारूच नका.

आणि रात्री जवळचा दिवा टाकला की तीस-चाळीस मीटरांपलीकडचे नीट दिसत नाही. म्हणजे साठच्या वेगात आपण जेवढे पाहतो, तेवढे सगळे थांबण्यातच संपते. उजेड संपतो तिथे कोणी उभे असेल, तर त्याच्या वाट्याला उरतेच काय?

आमच्याकडे उभे असणारे पुष्कळ असतात. चंद्रपूरहून मूलकडे निघा, की मोहर्लीकडे वळा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल. एक चितळ रस्ता ओलांडून गेले की मोटारवाल्याला वाटते सुटलो, आणि तो रेस देतो. मागचा कळप अजून झुडपातच असतो! सांबर दिव्याने दिपून जागच्या जागी उभे राहते. रोही आणि रानडुक्कर कधी उसळतील याचा नेम नाही. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की पहाटे अस्वलही येते आणि टोपल्या घेतलेल्या बायाही येतात. पावसाळ्यात कोरड्या डांबरावर गुरे बैठक मारतात. आणि आता दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी; तिच्यामागून तणसाने लादलेल्या बंड्या रस्त्याला लागतील, त्यांना मागे दिवा कुठला? वाघ दिसलाच तर काच वर, भोंगा बंद, गाडी जागीच उभी. फोटोसाठी खाली उतरणाऱ्याला शहाणे म्हणत नाहीत.

त्यात कोळशाचे, सिमेंटचे आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. ट्रकवाल्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, एवढे एक सूत्र मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे.

मग शिकायचे तरी कशाला?

इतके भय असेल तर एस.टी. काय वाईट, असे कोणी म्हणेल. वाईट नाहीच. पण एस.टी. वेळेवर येते आणि वेळेवरच जाते. आजारपण वेळ पाहून येत नाही. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गावागावांतली अंतरे लांब, मध्ये जंगल आणि नद्या. तिथे गाडी चालवता येणारा माणूस म्हणजे अख्ख्या वस्तीचा आधार. सिरोंचा तालुक्यातल्या रेगुंठ्याची किरण कुर्मा ही मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. झालेली. तिने त्या दूरच्या भागात प्रवासी गाडी चालवली, आणि २०२३ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ती इंग्लंडात लीड्सच्या विद्यापीठात शिकायला गेली. तिच्या निम्म्या वयाची हिंमत आपल्याला का नसावी, असे मी यजमानांना विचारले. ते म्हणाले, "हिंमत आहे हो, पण ब्रेक कुठे आहे ते आधी सांगा." मी डोळे मिटून पाय नेमका ठेवून दाखवला!

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल आणि तो किल्ली मागत असेल, तर त्यालाही हे गणित मांडून दाखवा. किल्ली मात्र देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून अज्ञान मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. कायद्याचे राहू द्या. बंडीवर बसलेला शेतकरीही कोणाचा तरी बाप असतो.

माझा बेत ठरला आहे. पहिले आठ दिवस मोकळे मैदान, सकाळची वेळ, गिअर पहिला आणि दुसरा. जटपुरा गेटाच्या गर्दीत महिन्यानंतर. सूर्यास्तानंतर गाडी काढायची नाही, कारण समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे या वयात लवकर सावरत नाहीत. जंगलाच्या रस्त्याला लागेन तेव्हा काटा चाळिसाच्या पुढे जाणार नाही. मागचे भोंगे वाजवतील, खुशाल वाजवोत. त्यांना वाट द्यायलाही थांबता यावे लागते.