दारातली मशीन

पहाटे साडेपाच. श्रावण सरत आलाय, बिरवाडीत काळ नदी गढूळ वाहतेय. मुलाची पहिली पाळी सातला. औद्योगिक वसाहतीकडे जाणारी कंपनीची बस चुकवून चालत नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. सुकटीला महिनाभर सुट्टी. शिवणकाम करणाऱ्या काकींचा दिवस शिवणाने सुरू होत नाही.

साडेआठ. काकी मशीन पडवीच्या दाराशी ओढतात. इथून पुढचा दिवस घड्याळापेक्षा उजेडावर चालतो. सकाळचा चांगला उजेड कापण्यासाठी राखलेला. पाण्यातून काढून वाळवलेलं अस्तर पसरायचं, त्यावर मापाचं ब्लाउज ठेवायचं, खडूने खुणा करायच्या. गळा चुकला तर पट्टी लावून भागवता येतं. मोंढा चुकला तर कापड गेलं. म्हणून या वेळी कुणी बोलायला आलेलं त्यांना खपत नाही.

साडेअकरा. बोलायला येतातच. “काकी, गौरीच्या आधी हवं हां!” मुंबईहून चाकरमानी यायचे, त्यांच्या सुनांच्या साड्या आधीच आलेल्या. काकी ‘बघते गो’ म्हणतात. बाई मात्र ते ‘हो’ असंच ऐकून जाते.

साडेबारा. वरंध घाटाच्या बाजूने पाऊस उतरतो आणि घरात संध्याकाळ होते. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा होतो. काकी ते बाजूला सारून पिवळं घेतात. वीज गेली की मोटरचा पट्टा काढून पायाने मशीन चालू.

अशाच खोल्या एदुआर व्हुइयार (1868–1940) या फ्रेंच चित्रकाराने पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्याचे वडील 1884 मध्ये गेले. आई पॅरिसमध्ये राहत्या घरीच कॉर्सेट आणि कपडे शिवण्याचा व्यवसाय करायची. घर तेच, कारखाना तोच. हे बिरवाडीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1890च्या दशकातली त्याची कितीतरी चित्रं लहान पुठ्ठ्यांवरची आहेत: खाली वाकलेल्या माना, मांडीवर कापड, नाकडोळे जेमतेम. झग्याची नक्षी आणि भिंतीवरच्या कागदाची नक्षी एकमेकींत इतकी मिसळते की बाई शोधावी लागते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या 1893च्या चित्रात त्याची बहीण चौकड्यांच्या झग्यात भिंतीत शिरल्यासारखी उभी आहे. समीक्षकांना हे विरघळणं गूढ वाटतं. मला ते आधी खरं वाटतं. कमी उजेडात शिवणाऱ्या घरात तसंच दिसतं, आणि तो त्या घरातच वाढला होता. आपल्याकडे भिंतीला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, त्यामुळे बाई भिंतीत विरत नाही. ती कापडाच्या गठ्ठ्यांत विरते. चित्रात एक गोष्ट मात्र सापडत नाही: आज किती नग द्यायचे आहेत.

दोन. जेवण. मशीनवरचं कापड झाकून.

तीन. शेजारच्या दोन मुली हातशिलाईला येतात. हुक, काज, बाहीची तुरपाई. उघडीप मिळालीय, तेवढ्यात काळं ब्लाउज पुन्हा बाहेर निघतं. तिघी खिडकीला पाठ देऊन बसतात, म्हणजे उजेड खांद्यावरून कापडावर पडतो. गप्पा चालू, माना खाली. एकीला फॅशन डिझाइन शिकायचंय. काकी म्हणतात, “आधी हुक सरळ लाव.”

साडेपाच. कपडे न्यायला बाया येतात. घालून बघतात, आरशासमोर वळतात, ‘इथे जरा सैल’ म्हणतात. सैल करणं सोपं, आत दाब ठेवलेला असतो. पैसे मागणं मात्र अवघड. निम्म्याजणी ‘गणपती झाल्यावर देते’ म्हणतात आणि बहुतेकजणी देतातही.

आठ. भात लावून काकी ट्यूबलाइटखाली साडीला फॉल लावतात. रात्री तेवढंच जमतं, कारण टाके सरळ रेषेत जातात. दहा वाजता चिंध्या पोत्यात भरल्या जातात. त्या पुढे गोधडीत जातील.

गौरीसाठी शिवायला टाकणार असाल तर श्रावण सुरू होतानाच टाका. आणि कापड काळं असेल तर नेऊन द्या सकाळी.