लेक डिस्ट्रिक्टमधील कायाकिंग

लेक डिस्ट्रिक्टमधील कायाकिंग हा वायव्य इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यातील सरोवरांवर चालणारा जलक्रीडाप्रकार आहे. हा डोंगराळ प्रदेश 1951 पासून राष्ट्रीय उद्यान असून 2017 मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील प्रमुख सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट दऱ्यांत आहेत. कायाक ही दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवली जाणारी निमुळती, हलकी होडी होय. वारा व लाटा तिला सहज भरकटवतात. त्यामुळे सरोवराची निवड करताना निसर्गसौंदर्यापेक्षा नौकानयनाचा हक्क, वाऱ्याची दिशा आणि इतर नौकांची वर्दळ यांचा विचार आधी करावा लागतो.

नौकानयनाचा हक्क

विंडरमियर, अल्सवॉटर, कॉनिस्टन वॉटर आणि डरवेंट वॉटर या चार सरोवरांवर सार्वजनिक नौकानयनाचा हक्क आहे. हा हक्क पाण्यापुरता असतो. काठाची जमीन अनेक ठिकाणी खाजगी असल्याने होडी उतरवण्यासाठी ठरावीक जागाच वापराव्या लागतात. बटरमियर, क्रमक वॉटर, लोजवॉटर व वास्ट वॉटर येथे नॅशनल ट्रस्ट या संस्थेचा परवाना लागतो. बॅसनथ्वेट लेकवरही परवाना आवश्यक असून पक्ष्यांसाठी राखलेल्या भागात होड्यांना मज्जाव आहे. ('लेक' हा शब्द नावात असलेले हे येथील एकमेव प्रमुख सरोवर, इतरांच्या नावांतील 'वॉटर' आणि 'मियर' यांचा अर्थ तोच.) पाणीपुरवठ्याच्या हॉजवॉटर जलाशयात नौकानयनास परवानगी नाही.

वारा, वर्दळ आणि थंड पाणी

या प्रदेशात नैर्ऋत्येकडील वारे प्रबळ असतात. सुमारे 8 किमी लांबीचे अरुंद कॉनिस्टन वॉटर साधारण त्याच दिशेत पसरलेले असल्याने वारा त्याच्या पूर्ण लांबीवरून वाहतो आणि उत्तर टोकाकडे लाटा वाढत जातात. वाऱ्याबरोबर सहज उत्तरेला पोहोचलेल्या नवख्यास परतीचा मार्ग दमलेल्या हातांनी वाऱ्याविरुद्ध कापावा लागतो. म्हणून आधी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जाणे व येताना त्याची मदत घेणे श्रेयस्कर.

केझिक गावाजवळील डरवेंट वॉटर सुमारे 5 किमी लांब व 2 किमी रुंद आहे. त्यातील चार मोठ्या बेटांच्या आडोशाला पाणी तुलनेने शांत राहते आणि काठ कधीच फार दूर नसतो. नवशिक्यांसाठी चारही खुल्या सरोवरांत हेच अधिक सोयीचे. विंडरमियर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर सुमारे 17 किमी लांब आहे. तेथे 2005 पासून ताशी 10 सागरी मैलांची वेगमर्यादा लागू असली, तरी प्रवासी बोटी, शिडाच्या नौका आणि दोरखंडावर चालणारी तर यांची वर्दळ असते.

वास्ट वॉटर हे इंग्लंडमधील सर्वांत खोल सरोवर (सुमारे 79 मी.) आहे. वसंतात हवा उबदार झाली तरी अशा खोल सरोवरांचे पाणी थंडच राहते. त्यात अचानक पडल्यास श्वासावरचा ताबा सुटतो आणि पट्टीचा पोहणाराही पहिल्या काही मिनिटांतच बुडू शकतो. म्हणून तरंगण्यास मदत करणारे जाकीट काठाजवळही अंगावर असणे आवश्यक मानले जाते.

परिसंस्था

डरवेंट वॉटर हे ब्रिटनमधील दुर्मिळ व्हेंडेस माशाच्या मोजक्या अधिवासांपैकी एक आहे. न्यूझीलंड पिग्मीवीड ही आक्रमक पाणवनस्पती देठाच्या बारीकशा तुकड्यापासूनही वाढते आणि होडीला चिकटून एका सरोवरातून दुसऱ्यात जाऊ शकते. एकाच दिवसात दोन सरोवरे करू इच्छिणाऱ्यांना त्यामुळे मध्ये होडी, वल्ही व कपडे तपासून, धुऊन पूर्ण वाळवावे लागतात.